मुडदुसाचा इतिहास आणि वाढत्या वयातील अस्थिस्वास्थ्य : एक कारणमीमांसा

१. प्रश्नाचे स्वरूप

हाड हा शरीराचा सर्वांत स्थिर आणि निर्जीवप्राय भाग होय, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. वाढत्या मुलाचे हाड अखंड घडत व मोडत असते. प्रथम कूर्चेचा व प्रथिनांचा मऊ साचा तयार होतो आणि त्यात कॅल्शियम व स्फुरद यांचे क्षार जमत जाऊन तो टणक बनतो. साचा वाढत राहिला पण क्षार वेळेवर पोहोचले नाहीत, तर हाड लांबते परंतु कठीण होत नाही. अशा हाडावर शरीराचा भार पडला की पाय धनुष्याप्रमाणे वाकतात किंवा गुडघे एकमेकांना लागतात, मनगटे रुंदावतात, बरगड्यांच्या टोकांना मण्यांसारख्या गाठी येतात. या विकारालाच आपण मुडदूस म्हणतो. मुलीच्या बाबतीत तो कटिभागाची हाडेही चेपून टाकतो, आणि मग त्याचा परिणाम तिच्यापुरता न राहता पुढे तिच्या बाळंतपणात आई आणि मूल या दोघांच्याही जिवावर बेतू शकतो.

वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत मुडदुसाचा इतिहास बहुधा एका विजययात्रेच्या स्वरूपात सांगितलेला आढळतो. १६५० मध्ये वर्णन, १९१९ मध्ये प्रयोग, १९२२ मध्ये जीवनसत्त्व आणि त्यानंतर निर्मूलन, असे त्याचे टप्पे. ही मांडणी सोयीची असली तरी दोन प्रश्नांना ती उत्तर देत नाही. पहिला प्रश्न असा की, उपाय शतकभर लोकांच्या हाताशी असताना तो मान्य होण्यास इतका काळ का लागला? आणि दुसरा असा की, ज्या देशात वर्षातील बहुतेक दिवस लख्ख ऊन असते तेथेही हा रोग का आढळावा? या दोन प्रश्नांचा एकत्र विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : मुलांच्या हाडांचे स्वास्थ्य एखाद्या प्रदेशात ऊन आणि अन्न किती आहे यावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते त्या मुलाच्या वाट्याला किती येते यावर अवलंबून असते, आणि हा वाटा निसर्ग नव्हे, समाज ठरवीत असतो.

२. रोगाचे नाव आणि रोगाचे वय

मुडदूस केव्हा उत्पन्न झाला, हे सांगणे सोपे नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात सोरानस या ग्रीक वैद्याने रोम शहरातील बालकांच्या वाकड्या पायांचा उल्लेख केला आहे. आपल्याकडे काश्यपसंहितेत ‘फक्क’ नावाच्या बालरोगाचे वर्णन येते. वर्षाचे झाले तरी जे मूल पायांनी चालत नाही, ते फक्करोगी समजावे, असे तेथे सांगितले असून त्याचे क्षीरज, गर्भज व व्याधिज असे तीन प्रकार दिलेले आहेत. मुलाला चालण्याचा सराव व्हावा म्हणून तीन चाकांच्या रथाचाही निर्देश आहे. नेपाळातील हस्तलिखितावरून ही संहिता १९३८ मध्ये छापून प्रसिद्ध झाल्यापासून फक्करोग म्हणजेच मुडदूस, असे समीकरण अनेकांनी मांडले. ते अंशतः खरे असू शकेल. तथापि चालण्यास उशीर होणे हे लक्षण अनेक विकारांत दिसते, आणि संहितेतील वर्गीकरण दूषित स्तन्य, गर्भावस्था व इतर व्याधी या कारणांवर उभारलेले आहे. आजच्या रोगनामाचा साचा प्राचीन वर्णनावर जसाच्या तसा बसवू नये, हा इतिहासलेखनातील सावधपणा येथेही पाळला पाहिजे.

युरोपातील लेखी पुरावा सतराव्या शतकात एकाएकी दाट होतो. डॅनियल व्हिसलर या तरुण इंग्रज विद्यार्थ्याने १६४५ मध्ये हॉलंडमधील लायडन विद्यापीठाला या विषयावर प्रबंध सादर केला. त्याच्या शीर्षकातच त्याने या रोगाला इंग्रजांचा बालरोग म्हटले होते. पाच वर्षांनी, १६५० मध्ये, केंब्रिजचे प्राध्यापक फ्रान्सिस ग्लिसन यांचा लॅटिन ग्रंथ निघाला. लंडनच्या वैद्यांच्या महाविद्यालयातील सहकाऱ्यांशी केलेल्या विचारविनिमयातून सिद्ध झालेला हा ग्रंथ रोगलक्षणांच्या आणि शवविच्छेदनाच्या तपशिलामुळे आजही वाचनीय आहे. मात्र ग्लिसन यांची कारणमीमांसा त्या काळच्या शीत व आर्द्र प्रकृतीच्या कल्पनांतच गुंतलेली राहिली.

संशोधनपद्धतीच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा पुरावा जॉन ग्राँट यांच्या १६६२ च्या ग्रंथात आहे. ग्राँट वैद्य नव्हते, व्यापारी होते. लंडनच्या साप्ताहिक मृत्युपत्रकांचे आकडे मांडताना त्यांच्या लक्षात आले की, मुडदुसाचे नाव या पत्रकांत प्रथम १६३४ मध्ये येते आणि त्या वर्षी त्याखाली १४ मृत्यू नोंदलेले आहेत. पुढे १६६० पर्यंत ही संख्या मधल्या थोड्या उतारांसह वाढतच जाते. त्यावर ग्राँट यांनी विचारलेला प्रश्न आजच्याही अभ्यासकाने विचारावा असा आहे. रोग नवा आहे, की केवळ त्याचे नाव नवे आहे? पूर्वी हेच मृत्यू दुसऱ्या एखाद्या नावाखाली नोंदले जात असतील काय, हे तपासण्यासाठी त्यांनी यकृतवृद्धीसारख्या जवळच्या सदरांचेही आकडे पडताळले. फक्करोगासंबंधी वर जो सावधपणा सुचविला, त्याचीच ही सांख्यिकी आवृत्ती होय.

३. धूर, गल्ली आणि नकाशा

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत उत्तर युरोपातील शहरे दगडी कोळशाच्या धुराने भरून गेली. कारखान्यांभोवती अरुंद गल्ल्यांच्या, एकमेकींना चिकटलेल्या घरांच्या वस्त्या उठल्या. या वस्त्यांतील मुलांत मुडदूस इतका सामान्य झाला की, वाकडे पाय ही जणू कामकरी वर्गाची खूणच ठरली.

याच काळात दोन उपाय परस्परांपासून स्वतंत्रपणे पुढे आले. उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावरील कोळी कुटुंबे कॉड माशाच्या यकृताचे तेल घरगुती औषध म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरीत असत. १८२० नंतरच्या काळात जर्मन वैद्यांनी ते मुडदुसावर गुणकारी असल्याचे लिहिले आणि शतकाच्या मध्यापर्यंत ते औषधालयांत रुळले. दुसरा उपाय उन्हाचा. विल्नो (आजचे विल्नियस) येथील वैद्य व रसायनज्ञ येन्जेई श्न्यादेत्स्की यांनी १८२२ मध्ये नमूद केले की, शहराच्या दाट वस्तीतील मुलांना हा रोग होतो, खेड्यांतील मुलांना तो क्वचितच होतो. म्हणून मुलांना उघड्यावर, प्रत्यक्ष उन्हात न्यावे. म्हणजे विसाव्या शतकाने जे सिद्ध केले, त्याचे दोन्ही अर्धे भाग १८३० पूर्वीच कागदावर उतरलेले होते.

यानंतर भूगोलाची साक्ष आली. ब्रिटिश वैद्यक संघाने वैद्यांकडून माहिती गोळा करून १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मुडदूस औद्योगिक शहरांत व खाणींच्या भागांत एकवटलेला दिसला. पुढच्याच वर्षी, १८९० मध्ये, थिओबाल्ड पाम यांनी या नकाशाचा अर्थ लावला. पाम हे वैद्यकीय मिशनरी म्हणून सुमारे दहा वर्षे जपानात राहिले होते. तेथे हा रोग जवळजवळ न पाहिलेल्या माणसाला मायदेशी परतल्यावर तो पावलोपावली दिसू लागला. त्यांनी जपान, चीन, हिंदुस्थान इत्यादी देशांतील मिशनरी वैद्यांना पत्रे लिहून माहिती मागविली. त्यांपैकी अनेक ठिकाणी अन्न निकृष्ट आणि घरे अस्वच्छ असूनही मुडदूस विरळा होता. यावरून सूर्यप्रकाशाचा अभाव हेच त्याचे प्रमुख कारण, असा निष्कर्ष पाम यांनी काढला आणि मुलांना पद्धतशीर सूर्यस्नान द्यावे अशी शिफारस केली.

हा निष्कर्ष वैद्यकजगताने जवळजवळ तीस वर्षे बाजूस ठेवला. याची कारणे शोधताना त्या काळच्या वैद्यांना दोष देणे सोपे आहे. पण ते न्याय्य होणार नाही. त्या दशकांत रोगजंतुशास्त्राचे यश डोळे दिपविणारे होते. प्रत्येक रोगाला एक उपस्थित, दाखविता येईल असे कारण असते, ही धारणा दृढ झाली होती. एखाद्या गोष्टीच्या अभावामुळे रोग होतो ही कल्पनाच तेव्हा विचारांच्या चौकटीत बसत नव्हती. शिवाय तेल आणि ऊन या दोन अगदी विजातीय गोष्टी एकाच रोगावर कशा चालतात, हे कोडे सुटेपर्यंत एका उपायाचा पुरस्कर्ता दुसऱ्याकडे संशयानेच पाहत राहणार, हेही ओघानेच आले.

४. कुत्र्याची पिल्ले, दिवा आणि व्हिएन्ना

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हा संशय उघड वादात परिणत झाला. एका बाजूस ग्लासगोचा संप्रदाय होता. लेनर्ड फिंडले यांनी १९०८ मध्ये दाखविले की, कोंडून ठेवलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना मुडदूस होतो, मोकळ्या पिल्लांना होत नाही. दोन्ही गटांचे अन्न सारखेच होते. त्यांच्या सहकारी मार्गारेट फर्ग्युसन यांनी १९१८ मध्ये ग्लासगोतील कुटुंबांची सामाजिक पाहणी प्रसिद्ध करून कोंदट घरे व मोकळ्या हवेचा अभाव यांवर भर दिला. दुसऱ्या बाजूस लंडनमध्ये एडवर्ड मेलॅन्बी होते. त्यांनी पिल्ले घरातच ठेवली आणि अन्न बदलून पाहिले. पाव अथवा ओटची लापशी यांवर वाढलेल्या पिल्लांना मुडदूस झाला. त्याच अन्नात कॉड-यकृत-तेल मिसळले तर झाला नाही. १९१९ मध्ये त्यांनी आहारातील एका साहाय्यक द्रव्याच्या अभावाकडे बोट दाखविले.

या दोन प्रयोगमालिका शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे एक उद्‌बोधक गोष्ट दिसते. फिंडले यांनी अन्न स्थिर ठेवून मोकळीक बदलली. मेलॅन्बी यांनी कोंडवाडा स्थिर ठेवून अन्न बदलले. प्रत्येकाने आपल्या मनातील कारणाला हलण्यास वाव दिला आणि प्रतिस्पर्ध्याच्या कारणाला जागच्या जागी बांधून ठेवले. प्रयोग दोघांचेही खरे होते. चूक होती ती ‘केवळ’ या शब्दात.

त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर क्वार्ट्झ काचेच्या पारद-दिव्याचे जंबुपार (अतिनील) किरण सोडले आणि हाडांत क्षार पुन्हा जमू लागल्याचे क्ष-किरण-चित्रांनी सिद्ध केले. एका हातावर किरण सोडले असता दुसऱ्या हाताची हाडेही सुधारतात, असे त्यांना आढळले. अर्थात किरण हाडावर थेट परिणाम करीत नसून त्वचेत असे काही निर्माण करीत असले पाहिजेत, की जे रक्तावाटे सर्व शरीरभर पोहोचते.

वादाचा निकाल लावणारे काम मात्र युद्धोत्तर व्हिएन्नात झाले. अन्नटंचाईने पिळून निघालेल्या त्या शहरात १९१९ ते १९२२ या काळात हॅरिएट चिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील बालरुग्णालयात अर्भकांचे बारकाईने निरीक्षण केले. हिवाळ्यात नेहमीच्या अन्नावरील काही मुलांना मुडदूस झाला, कॉड-यकृत-तेल मिळणाऱ्या मुलांना झाला नाही. उन्हाळ्यात मात्र दोन्ही प्रकारच्या अन्नांवरील मुले रोगमुक्त राहिली. ऊन आणि तेल हे एकमेकांच्या जागी चालू शकणारे उपाय आहेत, हे यातून निर्विवाद ठरले. १९२२ मध्ये अमेरिकेत मॅकॉलम यांनी तेल तापवून व त्यातून प्राणवायू सोडून त्यातील ‘अ’ जीवनसत्त्व नष्ट केले. तरीही तेलाचा मुडदूसनाशक गुण टिकून राहिला. या वेगळ्या द्रव्यास ‘ड’ जीवनसत्त्व हे नाव मिळाले. १९२४ मध्ये स्टीनबॉक आणि हेस यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अन्नावर जंबुपार किरण सोडून त्यातच हा गुण उत्पन्न करता येतो असे दाखविले, आणि संबद्ध रसायनांच्या संशोधनासाठी विंडाऊस यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेल आणि ऊन यांचे कोडे सुटले होते. ज्याला आहारातील जीवनसत्त्व म्हटले गेले, ते मुळात मानवी त्वचेने उन्हात स्वतःच तयार करावयाचे द्रव्य होते. ते यकृतात आणि मूत्रपिंडात क्रमाने रूपांतरित होऊन आतड्यातील कॅल्शियमचे शोषण वाढविते, ही पुढची कडी १९६८ ते १९७१ या वर्षांत स्पष्ट झाली.

५. नाशिकची साक्ष

या वादाच्या भर मध्यावर महाराष्ट्रातून एक साक्ष आली होती. मराठी अभ्यासकांनी तिची विशेष दखल घ्यावयास हवी. हचिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नाशिक येथे केलेली मुडदुसासंबंधीची निरीक्षणे १९२१-२२ मध्ये ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. नाशिक हे उन्हाचे शहर. पाम यांच्या नकाशाप्रमाणे तेथे मुडदूस दिसावयास नको. प्रत्यक्षात तो दिसला, आणि तोही अपेक्षेच्या नेमक्या उलट थरात. रोज मोलमजुरी करणाऱ्या, तुटपुंज्या व स्निग्ध पदार्थ जवळजवळ नसलेल्या अन्नावर जगणाऱ्या कुटुंबांत तो विरळा होता. कारण आई कामावर जाताना मुलाला बरोबर नेई आणि मूल दिवसभर उघड्यावर असे. याउलट ज्यांच्या घरी दूधदुभते होते अशा, पडदा पाळणाऱ्या सधन मुसलमान व हिंदू कुटुंबांत अर्भके महिनोन्‌महिने अंधाऱ्या खोल्यांत वाढत, आणि त्यांच्यात मुडदूस मोठ्या प्रमाणावर आढळे. मुलींच्या बाबतीत दुसरा धोका पुढे होता. लहानपणी अंगणात बागडणारी मुलगी बाराव्या वर्षाच्या आसपास लग्न होऊन पडद्यात गेली की, नेमक्या शरीरवाढीच्या ऐन काळात तिला उशिराचा मुडदूस जडे. आहारात फरक न करता रोगी मुलांना केवळ बाहेर उन्हात नेले असता ती सुधारतात, असेही या निरीक्षकांनी नोंदविले.

या पुराव्याचे महत्त्व दुहेरी आहे. एक तर युरोपात दारिद्र्य, निकृष्ट अन्न आणि अंधार ही तिन्ही कारणे एकाच घरात नांदत असल्याने ती वेगळी काढता येत नव्हती. नाशिकने ती वेगळी करून दाखविली. दुसरे असे की, ऊन असणे आणि ऊन मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे प्रथमच इतके ठळक झाले. मँचेस्टरच्या मुलाच्या आणि सूर्याच्या मध्ये धूर होता. नाशिकच्या मुलीच्या आणि सूर्याच्या मध्ये भिंत होती.

तथापि ही साक्ष तपासूनच घेतली पाहिजे. दवाखान्यात कोणते रुग्ण येतात आणि कोणते येत नाहीत, यावर वैद्याच्या डोळ्यांसमोरचे चित्र अवलंबून असते. त्याहून महत्त्वाची बाब शरीरशास्त्रीय आहे. मुडदूस हा वाढीचा रोग आहे. ज्या मुलाची वाढच उपासमारीने खुंटली आहे, त्याच्या हाडात मुडदुसाची चिन्हे कमी उमटतात. कारण क्षारांची मागणीच मंदावलेली असते. म्हणून मजुराच्या मुलात मुडदूस न दिसणे याचा अर्थ त्याची हाडे निरोगी होती असा होत नाही. ती आखूड व हलकी राहिली असण्याचा संभव मोठा आहे. १९३० नंतरच्या दशकात कुन्नूर येथील पोषण-प्रयोगशाळेत ॲक्रॉइड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तांदूळप्रधान आहारातील कॅल्शियमचा तुटवडा दाखवून दिला, आणि अशा आहाराला लोणी काढलेल्या दुधाच्या भुकटीची जोड दिल्यास मुलांची उंची व वजन अधिक वाढते हेही सिद्ध केले. सधनाच्या घरी भिंतीने जे केले, ते गरिबाच्या घरी ताटाने वेगळ्या रीतीने केले.

आणखी एक मुद्दा नमूद करणे आवश्यक आहे. ग्लासगोच्या संप्रदायाने पुढे १९२६ च्या अहवालात मुलांच्या खुंटलेल्या वाढीची जबाबदारी बऱ्याच अंशी आईच्या दक्षतेवर किंवा तिच्या अभावावर टाकली. हिंदुस्थानात लिहिणाऱ्या युरोपीय वैद्यांनी ती रूढीवर टाकली. दोन्ही ठिकाणी निरीक्षण खरे असूनही स्पष्टीकरण अर्धवट राहते. एका खोलीच्या घरात सहा माणसांसह राहणाऱ्या आईने मुलाला उन्हात न्यावे तरी कोठे? आणि पडद्यातील सुनेने अंगणात जाण्याचा निर्णय कोणाला विचारून घ्यावा? ज्या स्त्रीच्या हाती घराचा आराखडाही नाही आणि घरातील नियमही नाहीत, तिच्या अज्ञानाला कारण ठरविणे म्हणजे कार्यालाच कारण मानणे होय.

६. जीवनसत्त्वानंतरचा इतिहास

‘ड’ जीवनसत्त्वाच्या शोधानंतर पाश्चात्त्य देशांत दूध व इतर पदार्थ ते घालून विकले जाऊ लागले आणि दोन दशकांत तेथील मुडदूस झपाट्याने हटला. परंतु इतिहास येथे थांबत नाही. त्यानंतरच्या चार घटना विशेष बोलक्या आहेत.

पहिली डब्लिनची. दुसऱ्या महायुद्धकाळात आयर्लंडमध्ये धान्य पुरवून वापरण्यासाठी कोंड्यासह दळलेल्या पिठाचा पाव सक्तीचा झाला, आणि तेथील मुलांत मुडदूस वाढला. कोंड्यातील फायटिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवते व त्याचे शोषण होऊ देत नाही. मेलॅन्बी यांच्या पिल्लांना ओटच्या लापशीने अधिक मुडदूस का होई, याचाही उलगडा यातून झाला. ब्रिटनमध्ये याच कारणास्तव पिठात खडूची भुकटी मिसळण्याची व्यवस्था करण्यात आली.

दुसरी घटना अतिरेकाची. १९५० नंतरच्या काही वर्षांत ब्रिटनमध्ये बालकांच्या दुधाच्या भुकटीत व इतर पदार्थांत मिळून जीवनसत्त्वाचे प्रमाण फार झाले, आणि काही अर्भकांच्या रक्तात कॅल्शियम घातक प्रमाणात वाढल्याचे दिसून आले. ते प्रमाण पुढे कमी करावे लागले. अभावाचा रोग ओळखणाऱ्या शास्त्राला मर्यादेचाही धडा घ्यावा लागला.

तिसरी पुन्हा ग्लासगोची. १९६२ मध्ये डनिगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शहरातील पाकिस्तानी कुटुंबांत उशिराचा मुडदूस व प्रौढांतील अस्थिमार्दव आढळल्याचे प्रसिद्ध केले. उत्तरेचे फिके ऊन, सावळी त्वचा, अंगभर पोशाख, घरात जाणारा दिवस आणि चपातीप्रधान आहार अशी अनेक कारणे येथे एकत्र आली होती. पौगंडावस्थेतील मुली यात विशेष सापडल्या. नाशिकची भिंत जणू समुद्र ओलांडून गेली होती. १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये यासाठी राष्ट्रीय मोहीम हाती घ्यावी लागली.

चौथी आफ्रिकेची. नायजेरियात भरपूर उन्हात वाढणाऱ्या मुलांनाही मुडदूस होतो, आणि तेथे जीवनसत्त्वापेक्षा कॅल्शियम देण्याने अधिक गुण येतो, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखविले. ऊन असूनही ताटात कॅल्शियम नसेल, तर हाड घडणार कशाचे?

बाल्यातील मुडदुसावरून अभ्यासकांचे लक्ष अलीकडच्या दशकांत किशोरवयाकडे वळले आहे, तेही योग्यच आहे. उंची सर्वाधिक वेगाने वाढण्याच्या कालखंडाभोवतीच्या दोन वर्षांत, म्हणजे मुलींत साधारण बारा-तेराव्या आणि मुलांत चौदाव्या वर्षाच्या आसपास, प्रौढ वयातील एकूण अस्थिखनिजांपैकी सुमारे चौथा हिस्सा जमा होतो, असे कॅनडातील दीर्घकालीन निरीक्षणांवरून दिसले. या ठेवीवरच पुढील आयुष्य काढावयाचे असते. तिसऱ्या कारणाचे, म्हणजे भाराचे, महत्त्वही याच वयात सर्वाधिक असते. हाड आपल्यावर पडणाऱ्या भारानुसार घडते, हा सिद्धांत युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला होता. टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा भरीव असते, आणि ऋतुप्राप्तीपूर्वी किंवा तिच्या सुमारास खेळ सुरू केलेल्या मुलींत हा फरक अधिक मोठा असतो, हे १९९५ च्या सुमारास फिनलंडमध्ये दिसून आले. म्हणजे ऊन आणि अन्न यांच्या जोडीला धावणे, उड्या मारणे, ओझे उचलणे हेही हाडाचे पोषणच होय.

आता महाराष्ट्राचे पाहू. तान्ह्या बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात ठेवण्याची आपली रीत सर्वपरिचित आहे. तीत शहाणपण आहे यात शंका नाही. मात्र सकाळच्या तिरप्या उन्हात उपयुक्त जंबुपार किरण फार थोडे असतात आणि खिडकीच्या काचेतून ते येतच नाहीत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. नाचणीसारख्या धान्यात शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तर तांदळात ते दहाच्या आसपास असते. नाचणीची भाकरी मागे पडून पांढरा भात पुढे येणे हा अस्थिस्वास्थ्याच्या दृष्टीने किरकोळ बदल नव्हे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्यातील गरीब थरांतील किशोरवयीन मुलींच्या पाहणीत कॅल्शियमचे सेवन व ‘ड’ जीवनसत्त्व दोन्ही अपुरी आढळली. पडदा गेला; पण शाळा, शिकवणी, घरकाम, बंदिस्त घरे आणि मुलींनी बाहेर खेळण्यासंबंधीचा संकोच यांनी त्याची जागा काही अंशी घेतली आहे.

७. समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, मुडदुसाच्या कारणाचा शोध हा अज्ञानाकडून ज्ञानाकडे झालेला सरळ प्रवास नव्हता. दोन अर्धसत्ये शंभर वर्षे परस्परांशी भांडत राहिली आणि ती जोडणारा दुवा सापडल्यावरच दोन्ही सत्ये ठरली. दुसरा असा की, अस्थिस्वास्थ्याची कारणे एकेकटी काम करीत नाहीत. ऊन, कॅल्शियम, त्याचे शोषण अडविणारी द्रव्ये आणि शारीरिक भार यांपैकी ज्या समाजात जे सर्वांत तोकडे असेल, त्याच्या रूपाने तेथे रोग प्रकट होतो. म्हणून व्हिएन्नाचे उत्तर नायजेरियात आणि नायजेरियाचे उत्तर नाशिकात जसेच्या तसे लागू पडत नाही. प्रत्येक ठिकाणी नेमके काय तोकडे आहे, हे आधी शोधावे लागते.

तिसरा निष्कर्ष इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. आपण जनतेचा इतिहास लिहिताना सनदा, बखरी, जमाखर्च यांचा आधार घेतो. परंतु ज्यांच्या हाती लेखणी नव्हती, त्या मुलांनी आणि मुलींनी आपल्या जीवनाची एक नोंद मागे ठेवलेली आहे. त्यांना किती अंगण मिळाले, ताटात काय पडले आणि कोणत्या वयात दार बंद झाले, हे त्यांच्या हाडांवर कोरलेले असते. मिशन-दवाखान्यांचे अहवाल, प्रसूतिगृहांच्या नोंदवह्या, शाळांतील उंची-वजनांची कोष्टके ही साधने या दृष्टीने महाराष्ट्रात अद्याप पुरेशी चाळली गेलेली नाहीत. ती चाळली गेल्यास आपल्या सामाजिक इतिहासातील एक मूक वर्ग बोलू लागेल.